गावकुसाबाहेरून हद्दीबाहेर

दरवर्षी २० मार्चला आमच्या वस्तीतल्या विहारात चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर कार्यक्रम होतो. भाषण करायची जबाबदारी गेली काही वर्षे माझ्यावर आहे. वस्तीतला मी पहिला पदवीधर आणि पोटासाठी महाविद्यालयात शिकवतो, म्हणून. एका वर्षी भाषण संपल्यावर नववीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, तळ्याचं पाणी १९२७ ला घेतलं, तर आपल्या वस्तीत नळ का नाही?”

माणसे हसली. मलाही क्षणभर हसू आले. मग लक्षात आले की या प्रश्नाचे उत्तर मला एका वाक्यात देता येत नाही. ‘सरकार लक्ष देत नाही’ हे उत्तर नव्हे, ती तक्रार झाली. ‘जातीयवाद’ हे उत्तर खरे आहे, पण आज तो कुठल्या कागदातून, कुठल्या खिडकीतून काम करतो हे त्यातून कळत नाही. त्या मुलीला द्यायचे राहिलेले उत्तर म्हणून हा लेख लिहितो आहे.

वस्ती जालना शहराच्या कडेला आहे. तिचे नाव मुद्दाम देत नाही. नाव दिले की वाचणारा म्हणतो, ‘ती अमुक वस्ती होय!’ आणि मोकळा होतो. जालना, परभणी, नांदेड, सोलापूर, अशा कुठल्याही मध्यम शहराच्या कडेला जा. अशी एक तरी वस्ती सापडेल. शहराच्या कडेला दोन प्रकारची माणसे राहायला जातात. पहिली, ज्यांना शहराची गर्दी नको असते. दुसरी, ज्यांचे श्रम शहराला हवे असतात पण शेजार नको असतो. ‘उपनगर’ हा शब्द पहिल्यांच्या वाट्याला आला. दुसऱ्यांच्या वाट्याला ‘वस्ती’, ‘झोपडपट्टी’ आणि ‘अतिक्रमण’ हे शब्द आले.

तळ्यांचे शहर

जालना हे कुंडलिका नदीच्या काठचे शहर. नदीच्या एका बाजूला जुना जालना, दुसऱ्या बाजूला नवा जालना. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ८५ हजार होती. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांचे भाग घेऊन जालना जिल्हा झाला. बियाणे आणि लोखंडी सळई यांसाठी हे शहर देशात ओळखले जाते. २०२३ मध्ये येथील नगरपरिषदेची महानगरपालिका झाली.

या दुष्काळी मुलखातले हे शहर जगले ते तळ्यांवर. शहराला लागून मोती तलाव आहे. जमशेदखान या जुन्या काळच्या अंमलदाराने तो बांधला आणि जमिनीखालून नळ टाकून त्याचे पाणी गावातल्या हौदांपर्यंत नेले, अशी नोंद आहे. दुसरे तळे घाणेवाडीचे. निजामाच्या राजवटीत ते कुंडलिकेवर बांधले गेले. त्याची खुबी अशी की ते शहरापेक्षा उंचावर आहे आणि पाणी उताराने शहराकडे येते. आज त्या जलाशयाला संत गाडगेबाबांचे नाव आहे. ज्या परीट जातीच्या संताने गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभारल्या आणि जातिभेदावर आयुष्यभर झाडू फिरवला, त्याचे नाव शहराच्या पाण्याला मिळावे ही चांगलीच गोष्ट आहे.

तळे कोणी बांधले म्हटले की आपण अंमलदाराचे, राजाचे, फार तर इंजिनियरचे नाव सांगतो. खणले कोणी, माती कोणाच्या डोक्यावरून वाहिली, दगड कोणी फोडला, याची नोंद नसते. जुन्या तळ्यांचे राहू द्या, आपल्या आठवणीतलीच गोष्ट घ्या. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात जागोजागी पाझर तलाव आणि बांध यांची कामे निघाली. माझा आजा आणि आजी त्या कामांवर होती. आजी सांगायची, “मिलोच्या भाकरी खाल्ल्या, लेकरांना सुकडी खाऊ घातली, आन् पाटीनं डोंगर हलवला.” त्या कामांतून झालेल्या तलावांचे पाणी पुढे कोणाच्या विहिरींना पाझरले? ज्यांची जमीन तलावाखाली होती त्यांच्या. ज्यांनी पाट्या वाहिल्या त्यांना जमीनच नव्हती. दुष्काळ संपला तेव्हा जमीनवाल्यांच्या विहिरींना पाणी लागले आणि आमच्या लोकांना पुन्हा कामाच्या शोधात जावे लागले.

हे मी खेदाने सांगत नाही, कारण म्हणून सांगतो. पाण्याचा हक्क श्रमाने मिळत नाही, तो जमिनीच्या मालकीने मिळतो. या एका वाक्यात आमच्या वस्तीची अर्धी कहाणी येते.

कडेला कसे आलो

गावात आमचे घर कुसाबाहेर होते. तिथून शहराच्या कडेपर्यंतचा प्रवास एका दिवसात झाला नाही. पहिला लोंढा १९७२ च्या दुष्काळात निघाला. दुसरा १९७८ मध्ये. त्या वर्षी २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या गावागावांतून दलितांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. या सोळा वर्षांच्या लढ्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्या काळात किती कुटुंबांनी गाव कायमचे सोडले आणि ती कुठे जाऊन राहिली, यावर लिहिणे अजून बाकी आहे. आमच्या वस्तीतली जुनी घरे विचारली तर एकेकजण सांगतो : आम्ही दुष्काळात आलो, आम्ही नामांतरात आलो. वस्तीत सन सांगत नाहीत, आपत्ती सांगतात.

तिसरा लोंढा कामासाठी आला. रोलिंग मिल, जिनिंग, बियाण्यांची गोदामे, बांधकामे, हमाली. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबेही परतताना गावाऐवजी शहराच्या कडेला थांबू लागली.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्यावर कडक टीका केली, ती सर्वांना ठाऊक आहे. खेडे म्हणजे जातीचा किल्ला, तो सोडा, हा विचार आमच्या आज्यापर्यंत भाषणातून पोचला नव्हता. तो अनुभवाने पोचला होता. त्याला एवढेच कळत होते की शहरात कोणी ‘जोहार’ घालायला लावत नाही, मजुरी रोख मिळते आणि पोराला शाळेत मागे बसवत नाहीत. या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी खऱ्या निघाल्या. मी आज चार ओळी लिहितो आहे तो याचा पुरावा आहे. गाव सोडणे चूक होते असे मला कधी वाटले नाही. पण गाव सोडून आम्ही शहरात पोचलो का, हा प्रश्न वेगळा आहे. आम्ही पोचलो ते शहराच्या हद्दीपर्यंत.

हद्द म्हणजे काय

आता त्या मुलीच्या प्रश्नाचा गाभा. शहराची हद्द ही जमिनीवर दिसत नाही. गावकूस दिसत असे. दगडमातीची भिंत, वेस, वेशीबाहेर महारवाडा, मांगवाडा. हद्द नकाशावर असते. रस्त्याच्या अलीकडे एक कर, पलीकडे दुसरा. अलीकडे नळ, पलीकडे हातपंप. आमची वस्ती त्या रेषेच्या पलीकडे, एका गावाच्या शिवारात उगवली. गावाचे गावठाण दूर राहिले आणि शहर जवळ आले. मतदान गावात, मजुरी शहरात. गाव म्हणते, ही आमची माणसे नव्हेत, शहरात कामाला आलेली आहेत. शहर म्हणते, ही आमच्या हद्दीत नाहीत.

वस्तीतली घरे दोन प्रकारच्या जमिनीवर आहेत आणि हा फरक कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतला पाहिजे.

पहिली जमीन खाजगी, शेतीची. एखाद्या शेतमालकाने एकरभर रान तुकडे पाडून विकले. ४० गुंठ्यांचा एकर, एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. कोणी एक गुंठा घेतला, कोणी अर्धा. शंभर रुपयांच्या स्टँपवर लिहून दिले, दोन साक्षीदारांनी अंगठे उठवले, व्यवहार झाला. पण १९४७ चा तुकडेबंदी कायदा शेतजमिनीचे इतके लहान तुकडे विकायला मनाई करणारा. पुढे वेळोवेळी सवलती आल्या, पण आमचे व्यवहार झाले तेव्हा खरेदीखत नोंदत नव्हते. सातबारा मालकाच्याच नावावर राहिला. पैसे आमचे, घर आमचे, जमीन कागदोपत्री त्याची. ही ती ‘गुंठेवारी’. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने शहरी भागातली अशी बांधकामे शुल्क भरून नियमित करण्याची सोय केली. तेव्हा मुदत होती १ जानेवारी २००१ पूर्वीच्या बांधकामांची. २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढली. पण शुल्क भरायला पैसे लागतात, आराखडा काढायला माणूस लागतो, आणि सर्वांत आधी असा कायदा आहे हे माहीत असावे लागते. ज्या कॉलन्यांत नोकरदार होते त्यांनी हे काम करून घेतले. आमच्याकडे हा कायदा पोचला तो अफवा म्हणून : ‘पैसे भरले नाही तर घरं पाडणार.’

दुसरी जमीन गायरान, म्हणजे सरकारी. गायरानाचा प्रश्न हा आपल्या चळवळीचा मुख्य प्रश्न होता. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह त्यासाठीच झाले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंत भूमिहीन मागासवर्गीयांनी शेतीसाठी केलेली गायरानावरची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे ठरले. नंतर २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात सार्वजनिक गावजमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. या निकालाचा धाक दाखवून आमच्याकडे नोटिसा येतात. पण त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमाती यांना दिलेल्या जमिनींबाबत अपवादाला जागा ठेवलेली आहे, हे नोटीस देणारा सांगत नाही. ते आपणच वाचले पाहिजे.

या दोन्ही जमिनींवर राहणाऱ्याच्या हातात एकच कागद असतो. ग्रामपंचायतीचा ‘नमुना आठ’, म्हणजे घरपट्टीचा उतारा. आमची माणसे तो देवघरातल्या फोटोमागे ठेवतात. पण तो कर भरल्याचा पुरावा आहे, जमिनीच्या मालकीचा नव्हे. बँक त्यावर कर्ज देत नाही. घरकुलासाठी अर्ज करावा तर स्वतःच्या जागेचा पुरावा मागतात. म्हणजे ज्याला जागा नाही त्याच्या घरासाठी योजना, आणि योजनेसाठी आधी जागा!

वस्तीसुधारणेचेही तसेच. ग्रामीण भागातल्या अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या वस्त्यांसाठी जिल्हा परिषदेमार्फत एक योजना चालते, शहरातल्या दलित वस्त्यांसाठी दुसरी. कागदावर कोणी सुटलेले नाही. पण वस्ती नेमकी रेषेवर असेल तर दोघांनाही ती दुसऱ्याची वाटते. नळासाठी मी एका कार्यालयात अर्ज दिला. तिथला माणूस सभ्यपणे म्हणाला, “सर, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला समजतं. हे आमच्याकडं येत नाही.” दुसऱ्या कार्यालयात गेलो. तिथेही खुर्ची दिली, चहा दिला आणि तेच वाक्य ऐकवले. कोणी जात विचारली नाही, कोणी अपमान केला नाही. बाहेर पडल्यावर मला कळेना की रागवावे कोणावर.

व्हॉल्व्हचे पाणी

आमच्या वस्तीच्या अंगावरून शहराकडे जाणारा मोठा नळ जातो. त्या नळावर एक व्हॉल्व्ह आहे आणि तो गळतो. वस्ती पहाटे त्या गळतीवर पाणी भरते. बाया तीन वाजता उठून हंड्यांची रांग लावतात. माझी माय आता साठीच्या पुढे आहे, तरी रांगेत तिची जागा ठरलेली आहे. दुरुस्ती झाली की गळती थांबते, आणि वस्तीत त्या दिवशी सुतक पडल्यासारखे असते. म्हणजे आमचे पाणी हे शहराच्या बिघाडावर चालते. मग उन्हाळ्यात टँकर. शहरात राहणारा मनुष्य वर्षाची पाणीपट्टी भरून जे पाणी घेतो, तेच आमची बाई बॅरलच्या भावाने विकत घेते. गरिबाला पाणी महाग पडते ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पुस्तकात मी फार उशिरा वाचली. माय ती शाळेत न जाता शिकली.

२०१२-१३ च्या दुष्काळात घाणेवाडीचे तळे कोरडे पडले. अख्खे जालना टँकरवर आले. बंगल्यांतली माणसे रात्री जागून टँकरची वाट पाहू लागली. त्या एका वर्षी सगळे शहर आमच्यासारखे जगले. मला वाटले होते, आता तरी एकमेकांचे दुःख कळेल. शहरातल्या लोकांनी पुढाकार घेऊन तळ्यातला गाळ काढण्याचे मोठे काम केले, त्याचे कौतुक केलेच पाहिजे. जायकवाडीच्या पाण्याची जोड मिळाली. शहर त्या संकटातून बाहेर आले. गाळ शेतकऱ्यांनी आपल्या शेतात नेऊन टाकला, जमिनी सुधारल्या. त्यावर माय म्हणाली होती, “ज्याला रान हाय त्याला गाळ हाय. आपुन गाळ काय घागरीत भरावा?” संकट सर्वांवर सारखे आले. त्यातून बाहेर पडण्याचा रस्ता मात्र सारखा नव्हता.

आता महाडकडे वळू. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण माणुसकीच्या हक्काचा लढा म्हणून सांगतो, आणि तो तसाच होता. पण त्याची दुसरी बाजू विसरली जाते. ते तळे नगरपालिकेच्या ताब्यातले होते. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने बोल्यांचा ठराव केला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. त्यानुसार महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीरही केले. ठराव झाला होता, पाणी मिळत नव्हते. कागदावरचा हक्क आणि ओंजळीतले पाणी यांतले अंतर तोडण्यासाठी बाबासाहेब २० मार्च १९२७ ला तळ्यावर गेले. पुढे खटला झाला. तळे खाजगी आहे असा दावा सवर्णांनी केला. तो उच्च न्यायालयात फेटाळला जायला १९३७ साल उजाडले. दहा वर्षे बाबासाहेब जमिनीच्या मालकीचे, सनदांचे, नगरपालिकेच्या दप्तराचे कागद लढवत होते. तळ्यावर ओंजळ भरणे एका दिवसाचे होते, कागद दहा वर्षांचे होते. आपण तो दिवस साजरा करतो. ती दहा वर्षे आपण शिकलो नाही.

त्या लढ्यातून पुढे संविधानाचे कलम १५ आले. सरकारी खर्चाने चालणाऱ्या विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरावर जातीच्या कारणाने बंदी घालता येणार नाही असे त्यात आहे. कोणी आम्हाला तळ्यावर जाऊ दिले नाही तर हे कलम धावून येईल. पण आज तळ्यावर कोणी अडवतच नाही. मोती तलावाच्या काठी संध्याकाळी कोणीही बसावे. अडचण अशी आहे की पाणी आता तळ्यावर जाऊन कोणी भरत नाही, ते नळाने घरी येते. आणि नळ कुठपर्यंत यायचा हे हद्द ठरवते. पूर्वी अडवणारा माणूस होता, त्याचा चेहरा दिसत होता. आज अडवणारी रेषा आहे. रेषेला जात नसते असे म्हणतात. पण रेषेच्या पलीकडे कोण राहते ते मोजून पाहा.

हद्दीच्या आतले कुंपण

यावर कोणी म्हणेल, एवढे असेल तर तुमच्यातल्या शिकलेल्यांनी हद्दीच्या आत राहायला जावे. मीही तसा प्रयत्न केला. नोकरी लागल्यावर कॉलेजच्या जवळ खोली पाहिली. घरमालक अगत्याने बोलले. प्राध्यापक म्हटल्यावर त्यांनी भाडेही कमी केले. हजार रुपये आगाऊ घेतले. मग सहज विचारले, “सर, गाव कोणतं आपलं?” गाव सांगितले. “गावात कोणत्या गल्लीला घर?” मी सांगितले, गल्ली नव्हती, वस्ती होती. ते गप्प झाले. दुसऱ्या दिवशी पैसे पाकिटात घालून परत आले. भाचा शिकायला येणार होता म्हणे. पुढच्या घरी आडनावावरच काम झाले. तिसऱ्या घरी ‘खाण्यापिण्याचं कसं?’ या प्रश्नावर.

याचा अर्थ हद्द ही केवळ नगररचनेची गोष्ट नाही. बाहेर कागदाची हद्द आणि आत आडनावाचे कुंपण, दोन्ही एकमेकांना धरून आहेत. आत घर मिळत नाही म्हणून माणूस बाहेर राहतो, आणि बाहेर राहतो म्हणून त्याला सोयी मिळत नाहीत. शेवटी सोयी नाहीत म्हणून लोक म्हणतात, ‘यांना राहायचं कळत नाही.’ हे चक्र आपोआप फिरते. त्याला फिरवणारा माणूस शोधून सापडत नाही, म्हणून ते अधिक धोक्याचे.

नावाचीही गोष्ट अशीच. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने निर्णय घेतला की महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशी जातिवाचक वस्तीनावे जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत. निर्णय योग्य आहे. पण भीमनगर म्हटले की ऐकणाऱ्याला जे कळायचे ते कळतेच. पाटी बदलली, पत्ता तोच राहिला. ज्या दिवशी भीमनगरात नळ येईल आणि शेजारच्या कॉलनीतला माणूस तिथे घर घ्यायला तयार होईल, त्या दिवशी नाव खऱ्या अर्थाने बदलले म्हणायचे.

आपल्या आतली हद्द

हे लिहिताना स्वतःकडेही पाहिले पाहिजे. आमच्या वस्तीच्या टोकाला दहाबारा मातंग कुटुंबे आहेत, त्यांच्या पलीकडे काही भटक्या जमातींची पाले आणि एका अंगाला मुसलमान मजुरांची घरे. व्हॉल्व्हच्या रांगेत पहिल्या जागा आमच्या असतात. का? आम्ही आधी आलो म्हणून, असे आम्ही सांगतो. गावातले सवर्णही हेच सांगत होते. मागे पहिला हातपंप मंजूर झाला तेव्हा तो विहारापुढे घ्यावा की वस्तीच्या मध्यावर, यावरून भांडण झाले आणि तो विहारापुढे झाला. मी त्या बैठकीत होतो आणि गप्प होतो. बुद्धाच्या पायाशी पाणी आले पण टोकाच्या बाईला ते लांब पडले. जी माणसे चवदार तळ्याचे नाव घेतात त्यांनी आपल्या हातपंपाचाही हिशेब द्यावा.

दुसरी गोष्ट आपल्या शिकलेल्यांची. नोकरी लागली की वस्ती सोडायची, कॉलनीत प्लॉट घ्यायचा, आणि १४ एप्रिलला वर्गणी द्यायला यायचे. यावर ‘दलित ब्राह्मण’ म्हणून शिव्या देणे सोपे आहे. मी देत नाही. मुलांना अभ्यासाला जागा हवी, पाणी हवे, यात गुन्हा काय? मीही मागे हप्त्याने प्लॉट घ्यायचे ठरवले होते. मायला सांगितले. ती म्हणाली, “जा बाबा, पोरांचं भलं कर. पर नोटिसा आल्यावर वाचायला कोन राह्यलं मंग इथं?” तिने अडवले नाही. तिच्या प्रश्नाने अडवले. आजवर वस्तीने जी माणसे शिकवली ती सगळी तिच्या कागदांपासून लांब गेली, हे खरे नुकसान आहे. वस्तीला पुढाऱ्यांची वाण नाही. कागद वाचणाऱ्यांची आहे.

काय करावे

हा प्रश्न आता निकडीचा झाला आहे. जालन्याजवळून समृद्धी महामार्ग गेला, ११ डिसेंबर २०२२ ला त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. शहर महानगरपालिका झाले. काल जी कड कोणाला नको होती तिला आज भाव आहे. ज्या माळावर आमच्या आज्याने दगड उचलून जागा केली तिथे आता मोटारीतून माणसे येऊन मोजणी करतात. हद्द वाढणे हे आमच्यासाठी दुधारी आहे. हद्दीत आलो तर नळाचा हक्क मागता येईल. पण हद्दीत येण्यापूर्वी कागद झाले नाहीत तर नळाआधी बुलडोझर येईल.

म्हणून काही साध्या गोष्टी. एक, प्रत्येक वस्तीने स्वतःचा नकाशा करावा. कोणते घर खाजगी गटात, कोणते गायरानात, गट क्रमांकासह. महाविद्यालयातल्या आपल्या मुलांना हे काम आठवड्यात जमते. दोन, प्रत्येक घराने एका पिशवीत घरपट्टीच्या पावत्या, वीजबिले, मतदार यादीतली नोंद, मुलांचे शाळेचे दाखले ठेवावेत. ‘आम्ही केव्हापासून राहतो’ हे सिद्ध करणारा एकही कागद फेकू नये. तीन, ‘आमच्याकडं येत नाही’ हे उत्तर तोंडी घेऊ नये. २००५ चा माहितीचा अधिकार वापरून ते लेखी घ्यावे. दोन्ही कार्यालयांची लेखी उत्तरे शेजारी ठेवली की भांडण आपोआप पुढच्या पायरीला जाते. चार, हद्दवाढीचा मसुदा निघाला की हरकती व सूचनांसाठी ठरावीक मुदत असते. ती आपल्या जयंतीच्या वर्गणीत निघून जाऊ नये. पाच, पाण्याची समिती बायांची असावी आणि तिच्यात टोकाच्या घरची बाई पहिली असावी.

आमच्या विहारात आता रविवारी संध्याकाळी कागदांचा वर्ग भरतो. वंदना झाली की नोटिसा वाचायच्या. ती नववीतली मुलगी आता बारावीला आहे आणि आमच्या नकाशाची वही तिच्याकडे असते. वस्तीतली एकशे बारा घरे तिने क्रमांक देऊन उतरवली आहेत, टोकाच्या पालांसकट. नळ अजून आलेला नाही. दोन्ही कार्यालयांची लेखी उत्तरे मात्र आली आहेत आणि दोन्हीत एकमेकांचे नाव आहे. येत्या २० मार्चला मी भाषण करणार नाही. ती दोन्ही पत्रे ती मुलगी वाचून दाखवणार आहे.